चालू झाली तर तुझी

आमच्या बापाची जुनी पिकअप आता माझी आहे. एवढं साधं वाक्य, पण लिहिताना आजही दात आवळले जातात. लोक म्हणतात, मिळाली ना गाडी, आता सोड की राग. का सोडू? मी काही फुकटची रागावलेली नाही, चांगली कष्टाने रागावलेली आहे.

माझं माहेर मखमलाबादला. घराच्या बाजूला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये ती गाडी. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभा जन्म तिच्यावर काढला. पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मार्केटला, हंगामात दिंडोरीची द्राक्षं, कधी येताना घोटीचा तांदूळ. मग इंजिन ऑइल प्यायला लागलं, मागे धुराचा डोंगर सोडायला लागलं आणि एका चढावर जे बसलं ते उठलंच नाही. तेव्हापासून गाडी शेडमध्ये पडून होती. कोंबड्या तिच्या हौद्यात अंडी घालायच्या. माझ्या धाकट्या भावाने नवी कार घेतली तेव्हा त्याची नजर त्या शेडवर गेली. कार उन्हात तापते म्हणे. त्याने भंगारवाल्याशी बोलूनही टाकलं.

राखीपौर्णिमेला घर भरलेलं होतं. मामा, मावशी, शेजारपाजारची माणसं. मी राखी बांधली तसा भाऊ ऐटीत म्हणाला, "बोल ताई, काय पाहिजे ओवाळणी? माग काहीही."

"पिकअप दे," मी म्हणाले.

मामाला हसता हसता ठसका लागला. भाऊ म्हणाला, "ते भंगार? काय करणार तिचं, लोणचं घालणार?" तात्या खुर्चीत बसले होते. त्यांनी हात वर केला, तसे सगळे गप्प झाले. आमच्याकडे तात्यांचा हात वर गेला की घड्याळसुद्धा टिकटिक करायला घाबरतं.

"चालू करून दाखव," ते म्हणाले. "चालू झाली तर तुझी. सगळ्यांसमोर सांगून राहिलो." आणि स्वतःच हसले. मग बाकीचे परत हसले. मी ताटातला पेढा उचलला, तोंडात टाकला आणि मनात म्हटलं, हसा, लेकांनो.

मला ती गाडी हौसेसाठी नको होती. माझी रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, सिमला मिरची यांची रोपं तयार करून शेतकऱ्यांना पोचवते, बहुतेक दिंडोरीच्या बाजूला. रोपाचा ट्रे म्हणजे तान्हं मूल. भाड्याचा टेम्पोवाला तो ट्रेवर ट्रे रचतो, खड्ड्यातून गाडी हाणतो, आणि मान मोडलेली रोपं बघून शेतकरी माझ्या तोंडावर ओरडतो. टेम्पोवाला तोवर कुठल्या तरी टपरीवर चहा पीत असतो. स्वतःची गाडी असती तर हौद्यात कप्पे करून घेतले असते, सावकाश नेली असती. ही गाडी मिळाली नाही तर मला रोपवाटिका बंद करायची पाळी येणार होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी हसले.

आणि इंजिनाचं म्हणाल तर ते मला कुणी शिकवलं? तात्यांनीच. लहानपणी भावाला ऑइलचा वास सहन व्हायचा नाही, म्हणून बॉनेटखाली मी असायचे. पाना दे, फडकं दे, बॅटरी धर. एकदा मी चिंचोके खात खात उघड्या इंजिनावर वाकले, तर पाठीत असा धपाटा बसला की चिंचोका घशात गेला. "उघड्या इंजिनापाशी शिंकायचं पण नाय!" तात्या गरजले होते. "एक खडा आत गेला ना, तर सगळं मातेरं." हे वाक्य माझ्या हाडात मुरलेलं आहे. मग मी वयात आले आणि एक दिवस फर्मान निघालं की हात धू आणि घरात जा, भाकरी बघ. का, ते कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, तेव्हा आम्ही विचारत नसू.

तर मी इंजिन उतरवलं. शेडच्या लोखंडी अँगलला चेनकप्पी बांधली, रविवारी नवरा आला साखळी ओढायला. सुट्टीचा दिवस घालवून तो बिचारा घामाघूम झाला आणि एकदाही "कशाला हा उद्योग" म्हणाला नाही. तेवढ्यासाठी त्याला सात खून माफ. हेड काढलं, पिस्टन काढले, क्रँक काढला. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, हेडसकट टेम्पोत टाकून द्वारका चौकाजवळच्या लेथवाल्याकडे नेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं.

"मिस्त्री कुठंय?"

"मीच."

"नाही मॅडम, म्हणजे काम कोण करणार?"

"अहो मीच! लिहून देऊ का?"

त्याने शेवटी माप घेतलं, पण बोलताना माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलत होता. नवरा सातपूरला कंपनीत पॅकिंग खात्यात आहे. त्याला पिस्टन आणि पापड यांतला फरक कळत नाही. तो आपला मान हलवत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण काम लेथवाल्याकडूनच करून घ्यायचं होतं, म्हणून गिळलं.

मग रोज रोपांना पाणी घालून झालं की मी शेडमध्ये. तात्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. मदत? नाव नको. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून सांगायचे, "पोरीचा खेळ चाललाय, बघायचाय का?" लोक यायचे, वाकून बघायचे, च्यक च्यक करायचे आणि चहा पिऊन जायचे. चहा आईला करावा लागायचा. आई काही बोलायची नाही, ती आमच्या घरात बोलतच नसे. कप धुवायची आणि आणखी साखर आणायला सांगायची.

मी खालून वर बांधत गेले. क्रँक बसवला, बेअरिंगं नवी, पिस्टन नवे. ऑइल ओढणाऱ्या पंपाची जाळी डिझेलमध्ये धुऊन लख्ख केली आणि मग खालचं ऑइलचं चेंबर बंद करून टाकलं. राहिलं फक्त वरचं झाकण, म्हणजे हेड. ते लेथवाल्याकडे अडकलं होतं, दसऱ्यानंतर देतो म्हणाला. म्हणून मी ब्लॉकचं उघडं तोंड जुन्या जाड चादरीने झाकलं, सुतळीने घट्ट बांधलं, आणि घरातल्या प्रत्येकाला सांगितलं की याला हात लावायचा नाही. भावाला दोनदा सांगितलं. तात्यांना सांगितलं नाही. ज्याने धपाटा घालून शिकवलं त्याला काय सांगायचं?

दसऱ्याला मी माझ्या घरी होते. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची, गाड्यांची पूजा असते. मी रोपवाटिकेत फवारणीचा पंप पूजला, पान्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूचं तोरण बांधलं आणि संध्याकाळी माहेरी सोनं द्यायला गेले. आपट्याची पानं देऊन तात्यांच्या पाया पडले. "सोन्यासारखी राहा," म्हणाले, रीतीप्रमाणे.

दोन दिवसांनी हेड आलं. शेडमध्ये जाऊन पाहते तर चादर जागेवर, पण सुतळीची गाठ माझी नव्हती. ताडपत्री ताणून बांधायला जुने ड्रायव्हर घालतात ती ओढगाठ होती. आमच्या घरात ती एकालाच येते. मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, सैल झाली असेल, तात्यांनी येऊन नीट बांधली. बाप बोलत नाही पण काळजी घेतो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, मूर्खासारखं! सिलिंडर आतून पुसले, स्वच्छ होते. हेड चढवलं, ऑइल भरलं, इंजिन गाडीत बसवलं.

दिवाळीच्या आधी सेल्फ मारला. पहिल्यांदा नुसतं गुरगुरलं. दुसऱ्यांदा एक ढेकर दिला. तिसऱ्यांदा धडधडलं आणि चालूच राहिलं! पांढरा धूर आला, मग तोही गेला. शेजारी गोळा झाले, मामा फोनवर ओरडत होता, आई पदराने तोंड झाकून हसत होती की रडत होती कोण जाणे. मी समोरचा ऑइलचा लाल दिवा पाहिला, ऑइल चढलं नाही की पेटतो तो, विझलेला होता. आवाज ऐकला, एकसारखा होता. मी खाली उतरून बॉनेट लावत होते तेवढ्यात तात्यांनी हात वर केला.

"पहिली फेरी पोराच्या हातची," ते म्हणाले. "बस रे."

"तात्या, मी बांधलंय," मी म्हणाले.

"बांधलंस ना? मग झालं. बाई माणसानं शुभकामाला आडवं येऊ नये."

आणि भाऊ बसलासुद्धा! चकचकीत शर्ट घालून आला होता, त्याला जणू आधीच माहीत होतं. मी ओरडले, "हळू चालव, दिव्याकडे लक्ष ठेव," पण तो हॉर्न वाजवत निघून गेला. नवीन बांधलेलं इंजिन, आणि हा रस्त्यावर जाऊन गियर ताणतोय, मला आवाजावरून कळत होतं. मग आवाज कळेनासा झाला.

बऱ्याच वेळाने तो परत आला, चालत.

"बंद पडली," तो म्हणाला. "खडखड झाली आणि एकदम जाम."

"लाल दिवा लागला होता?"

"हां, लागला होता. मला वाटलं हँडब्रेकचा असेल."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईने कानावर हात ठेवले. ट्रॅक्टरला बांधून गाडी ओढत आणली, आख्खी गल्ली बघायला. तात्या ओट्यावर उभे होते. "बाईचा हात," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी म्हणलोच होतो. उद्या भंगारवाल्याला बोलव रे."

भावाने तिथेच फोन लावला. मी घरी गेले. रडले नाही. रडण्याइतकी जागाच नव्हती आत, सगळी रागानेच भरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना-पक्कड घेऊन पोचले तेव्हा भंगारवाल्याचा टेम्पो अजून यायचा होता. तात्या म्हणाले, "आता काय बघायचं राहिलंय?"

"माझा हात बघायचाय," मी म्हणाले. "बाईचा हात कसा असतो ते बघू द्या."

गाडीखाली शिरले. ऑइल काढलं, चेंबर सोडलं, आणि जाळी हातात आली. मी ती जाळी घेऊन उन्हात आले आणि ओट्यावर तात्यांच्या पायाशी ठेवली. लख्ख धुऊन बसवलेली जाळी चिखलाने गच्च भरली होती. चिखल कसला, झेंडूच्या पाकळ्या! ऑइल पिऊन काळ्या पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. आणि त्यांच्यात तांदूळ. बोटाने पुसला तर एकेक दाणा लाल निघाला.

आधी तळाशी पडून होत्या, रस्त्यावर ऑइल ढवळलं तशा जाळीवर गोळा झाल्या. जाळीच तुंबली, तर ऑइल कुठून चढणार? कोरडंच फिरलं इंजिन, आणि बेअरिंगं खाल्ली.

भाऊ म्हणाला, "मी नाही हां. मी फक्त माझी कार पूजली." तात्यांनी जाळीकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं.

"उंदरानं नेलं असंल आत," ते म्हणाले.

"उंदराने?" माझा आवाज चिरकला. "उंदीर तांदळाला कुंकू लावतो का, तात्या? उंदीर झेंडू वाहतो? नारळ पण फोडला असेल ना मग उंदराने? आणि ताडपत्रीची गाठ मारून गेला, काय शहाणा उंदीर!"

"आवाज कमी कर," ते म्हणाले. हात वर गेला.

तेव्हा दारात उभी असलेली आई बोलली. "तुम्हीच तर चादर सोडली होती," ती म्हणाली. "मी म्हणलं राहू द्या, पोरीनं बांधून ठेवलंय. तर म्हणले, झाकलेल्याला अक्षता टाकू का मी."

तात्यांचा हात तसाच वर राहिला. मग तो खाली आला.

"दरसाल टाकतो," ते म्हणाले. "बॉनेट उघडून टाकतो, इंजिनावर. कधी काय झालं नाय. यंदाच कसं नाय टाकायच्या? सण हाय. वर दिसल्या तेवढ्या येचल्या मी, पुसून काढलं सगळं."

आता हसावं की डोकं आपटावं? दरसाल इंजिन वरून बंद असायचं, हेड चढवलेलं! बंद इंजिनावर अक्षता टाकल्या तर त्या खाली रस्त्यावर पडतात. उघड्या ब्लॉकला वरून खाली ऑइल उतरायची भोकं असतात, त्यातून सरळ चेंबरमध्ये जातात. हे तात्यांना माहीत नव्हतं? माझ्याहून जास्त माहीत होतं. पण ताट हातात आलं की त्यांच्या हाताला दुसरं काही सुचत नाही. आणि नंतर सुचलं असेल तर? गाडी जाम झाली तेव्हा ओट्यावर उभं राहून "बाईचा हात" म्हणताना मनात एकदा तरी पाल चुकचुकली असेल की नाही? हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. उत्तर काय येईल याची मला भीती वाटते, आणि त्या भीतीचाही राग येतो.

"उघड्या इंजिनापाशी शिंकायचं पण नाय," मी म्हणाले. "कुणी शिकवलं मला हे?"

तेवढ्यात भंगारवाल्याचा टेम्पो आला, माणूस उतरला, हात चोळत म्हणाला, "कुठंय गाडी?" भावाने तात्यांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "माघारी जा." बस, एवढंच. माफी नाही, 'चूक झाली' नाही, 'गाडी तुझी' नाही. आत जाऊन पडून राहिले.

मी इंजिन परत उतरवलं. क्रँक परत घासून आणला, बेअरिंगं परत आणली, सगळं पहिल्यापासून. लेथवाला या वेळी मागे बघायचा थांबला होता. तात्या दुसऱ्या दिवशीपासून खुर्ची ओट्यावरून उचलून शेडमध्ये टाकायला लागले. "पोरीचा खेळ" कुणाला दाखवला नाही. मी पान्याला हात पुढे करायचे तर पाना हातात यायचा, बरोबर मापाचा. मी थँक्यू म्हणायचे नाही. ते बघायचेही नाहीत. कामाच्या पलीकडे आम्ही एक शब्द बोललो नाही, आणि माझा राग दिवसभर त्या शेडमध्ये आमच्या दोघांच्या मध्ये बसून असायचा.

गाडी चालू झाली तेव्हा मी कुणाला बोलावलं नाही. आतून दोन्ही दारांना लॉक लावलं आणि सेल्फ मारला. दिवा विझला, विझलेलाच राहिला. हौद्यात ट्रे ठेवले आणि सरळ दिंडोरी रस्त्याला लागले. एकाही रोपाची मान मोडली नाही. पण चावी परत तात्यांच्या खिळ्यालाच अडकवावी लागायची, कारण चालू झाल्यावर 'गाडी तुझी' असं कुणी म्हटलंच नव्हतं. वर्षभर मी रोज सकाळी त्या खिळ्यावरून चावी मागितल्यासारखी घेतली. भाऊ एकदा म्हणालाही, "ताई, रविवारी मला लागेल हां गाडी." त्या दिवशी मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने परत विचारलं नाही.

मग हा दसरा आला. मी गाडी धुतली, माहेरच्या अंगणात उभी केली. भाऊ कारला हार घालत होता, मामा आला होता, शेजारी आपापल्या मोटारसायकली पुसत होते. तात्या पूजेचं ताट घेऊन आले. मला वाटलं, झालं, आता बॉनेट उघड म्हणणार. मी कंबर कसून उभी राहिले. ते गाडीपाशी थांबले. ज्याची गाडी तोच पूजा करतो, अशी आमच्याकडची रीत. त्यांनी ताट माझ्यापुढे धरलं.

"तूच कर," ते पुटपुटले. "गाडी तुझी हाय."

पुटपुटले! मलाच जेमतेम ऐकू आलं. आणि वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं.

"मोठ्याने म्हणा, तात्या," मी म्हणाले. "राखीला सगळ्यांसमोर हसला होतात. 'बाईचा हात' पण सगळ्यांसमोर म्हणाला होतात. हेही सगळ्यांसमोर म्हणा."

ताटातला दिवा हलायला लागला. त्यांनी दुसरा हात ताटाखाली धरला. म्हातारे झालेत, हे मला तेव्हा दिसलं, आणि तरीही मी ताट हातात घेतलं नाही. भाऊ हार धरून थांबला. आईने दारातून पाहिलं आणि मला गप्प केलं नाही.

"गाडी हिची हाय!" तात्या गरजले, अगदी तसेच, मी चिंचोका गिळला होता तेव्हा गरजले होते तसे. "हिनं बांधली. मी बिघडवली. ऐकलं का सगळ्यांनी?"

ऐकलं सगळ्यांनी. मामाला या वेळी ठसका लागला नाही.

मी ताट घेतलं. काचेला हळदकुंकू लावलं, हार घातला, अक्षता टाकल्या. त्या बॉनेटवरून घरंगळून खाली अंगणात पडल्या. बॉनेट मी उघडलं नाही.